जुन्या जीपचा गिअरबॉक्स : तपासणी आणि तेलबदल

(कनेरगाव नाका, जि. हिंगोली येथे शेतकऱ्यांपुढे दिलेले भाषण)



हळदीचे बेणे आणि सोयाबीनचा पेरा यांवर आपण नेहमी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. आपल्या भागात वीस-तीस वर्षांच्या जीपगाड्या अजून कामावर आहेत. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातल्या या गाड्या. शेतातून हळदीचे कट्टे आणायचे, बाजाराला जायचे, वऱ्हाड न्यायचे आणि रात्री-बेरात्री आजारी माणूस वाशिम नाहीतर हिंगोलीला पोहोचवायचा. या शेवटच्या कामासाठी मी आज उभा आहे.

१९९८ च्या पावसाळ्यातली गोष्ट. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता. आमच्या घरी जीप होती आणि तिचा टॉप गिअर वर्षभर निसटत होता. मी दांडा गुडघ्याने दाबून धरायचो आणि त्यातच हुशारी मानायचो. एका रात्री चुलतीला साप चावला. तिला घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेत करकर आवाज होऊन गाडी जागीच अडकली. मागून एक ट्रक आला, त्या ड्रायव्हरने तिला दवाखान्यात नेले म्हणून ती वाचली. नंतर गिअरबॉक्स खोलला तर आत कपभर काळा चिखल होता, तेल नव्हतेच. मागचे ऑईल सील फाटून तेल थेंब-थेंब गळून गेले होते. इंजिनाची ऑईलपट्टी मी दर आठवड्याला बघायचो. या गिअरबॉक्सला पट्टी नाही, म्हणून तिकडे कधी पाहिलेच नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, पातळी बघायला शिका. गाडी सपाट जागेवर उभी करावी, चाकांना दगडाची ओट लावावी. गिअरबॉक्सच्या बाजूला फिलर प्लग असतो. तो पुसून उघडावा आणि करंगळी आत घालून वाकवावी. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत लागले पाहिजे. ट्रान्सफर केसला वेगळा प्लग असतो, तोही उघडावा. अनेकजण तो विसरतात. तेल काठाच्या वर भरू नये. जास्त तेल सीलमधून बाहेर पडते, पुढच्या बाजूने क्लच प्लेटवर गेले तर प्लेट घसरू लागते. ही तपासणी महिन्यातून एकदा पुरे.

तेल बदलताना आधी फिलर प्लग सैल करून पाहावा, मगच खालचा ड्रेन प्लग काढावा. उलटे केले आणि गंजलेला फिलर प्लग निघालाच नाही, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन मेकॅनिककडे जाणार कसे? गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल कोमट झाल्यावर सोडावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघतो. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये आणि विटाही लावू नयेत, वीट अचानक फुटते. लाकडाचे जाड ओंडके वापरावेत.

निघालेले तेल घमेल्यात घेऊन उन्हात बघावे. राखाडी, मलमासारखा लेप ही नेहमीची झीज होय. सोनेरी चमक दिसली तर पितळी सिंक्रो रिंगा झिजत आहेत. लोखंडाचे कण किंवा दाताचा तुकडा हाती लागला तर गाडी उभी करावी आणि गिअरबॉक्स खोलून घ्यावा.

आता तेल कोणते? जीपच्या जुन्या गिअरबॉक्सला एसएई ९०, जीएल-४ दर्जाचे गिअर ऑईल लागते. दुकानदार जीएल-५ देतो आणि 'हे भारी आहे' म्हणतो. ते भारी आहे हे खरे, पण डिफरन्शियलसाठी. त्यातली तीव्र गंधकयुक्त रसायने पितळेला हळूहळू खातात. म्हणून दोन डबे वेगळे ठेवावेत. ट्रॅक्टरच्या ड्रममधले उरलेले तेल किंवा इंजिनातले जळके ऑईल गिअरबॉक्समध्ये मुळीच टाकू नये. जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये साधारण दीड लिटर तेल बसते, ट्रान्सफर केसमध्येही जवळपास तेवढेच. इतर मॉडेलला पुस्तिकेप्रमाणे भरावे. पुस्तिका हरवली असेल तर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, बदलावे.

पावसाळा संपल्यावरच का? आपण ओढ्यातून गाड्या घालतो. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर व सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागते, मग बेअरिंगला गंज चढतो. ओढा ओलांडला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, ड्रेन प्लग थोडा सैल करावा. पाणी तळाला बसलेले असते, तेच आधी येते. पाणी आले तर सगळे तेल काढून नवे भरावे, थोडे फिरून पुन्हा बदलावे. खर्च दुप्पट होतो खरा, पण बेअरिंगांच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

गिअर पडताना खरखर झाली की लोक लगेच 'गिअरबॉक्स गेला' म्हणतात. आधी क्लचचे पेडल बघावे. मोकळी चाल जास्त असली तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरतात. ते काम दहा मिनिटांचे असते. न्यूट्रलमध्ये येणारा घरघराट पेडल दाबताच थांबला, तर गिअरबॉक्सचे बेअरिंग संशयित. तीन गिअरच्या जीपमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकावा. चारचाकी जोड डांबरी रस्त्यावर लावू नये. तो चिखलासाठी आहे.

जुनी जीप विकत घेणाऱ्यांना एक सांगतो. आवाज दाबण्यासाठी गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा टाकण्याची युक्ती फार जुनी आहे. फारच मुकी वाटणारी गाडी दिसली तर ड्रेन प्लग उघडून दाखवायला सांगावे.

काढलेले तेल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, जनावराच्या खरजेवरही लावू नये. ते चामडीतून शरीरात जाते आणि जनावर चाटते ते वेगळेच. डब्यात साठवून जुने ऑईल घेणाऱ्याला द्यावे.

बाहेर चिंचेखाली एक जीप उभी आहे. तिच्या मालकाने परवानगी दिली आहे. पाना आणि घमेले आणले आहे, चला, तिचे दोन्ही प्लग उघडून पाहू.