पेपरातल्या चार ओळी

(हुडकेश्वर, नागपूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आपाचा मुलगा अडीच वर्षांचा होता. हाक मारली तर वळायचा नाही. काही हवं असलं तर बोट दाखवायचा नाही, आपला हात धरून तिथं न्यायचा. अंगणात स्कूटर उभी केली की तिचं चाक तासभर न्याहाळत बसायचा. अम्मी म्हणायची, मुलगे उशिराच बोलतात. शेजारीण म्हणाली, नजर लागली. ताजबाग इथून जवळच, तिथं चादर चढवून झाली. काहींनी तर आपालाच धरलं, "तूच हातात मोबाइल देतेस."

मग 2 एप्रिल आला. हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन. संयुक्त राष्ट्रांनी 2007 मध्ये ठराव केला आणि 2008 पासून तो पाळला जातो. त्या दिवशी पेपरच्या आतल्या पानावर छोटी बातमी होती. नावाला प्रतिसाद नाही, नजरेला नजर नाही, बोट दाखवणं नाही, एकच हालचाल पुन्हा पुन्हा. चार ओळी. शेवटी लिहिलं होतं, सरकारी रुग्णालयात तपासणी करा. भाऊजींनी ते कात्रण कापून खिशात ठेवलं.

कात्रणानं निदान झालं नाही. ते डॉक्टरांनीच केलं. पण त्या चार ओळींमुळे आपा दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचली, आणि "माझंच चुकलं" हे ओझं थोडं उतरलं. दुआ आजही सुरू आहे. सोबत थेरपीही सुरू आहे.

दोस्तांनो, बातमी एवढं करू शकते. मात्र तीच बातमी घातही करते. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरानं इंग्लंडमध्ये फक्त 12 मुलांवर एक निबंध लिहिला आणि गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. माध्यमांनी तो उचलून धरला. आईबाप घाबरले, लसीकरण घसरलं. पुढे ब्रायन डीअर या पत्रकारानं वर्षानुवर्षं खोदून त्यातली लबाडी उघड केली. 2010 मध्ये 'लॅन्सेट'नं तो निबंध मागे घेतला आणि वेकफिल्डचा डॉक्टरकीचा परवाना गेला. भीती बातम्यांनी पसरवली, खोटं बातमीनंच पकडलं. पण भीतीचा मेसेज अजून व्हॉट्सॲपवर फिरतोच. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, लेकरं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली पुष्कळ होती. म्हणून असा मेसेज आपल्या वस्तीत आला तर गप्प बसू नका.

दुसरा धोका कौतुकाचा. मुंबईची जिया राय स्वमग्न आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत 36 किलोमीटर पोहली, 2022 मध्ये तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. त्या बातम्यांनी हा शब्द घराघरांत नेला. 'माय नेम इज खान'नंही 2010 मध्ये असंच केलं होतं. आनंदच आहे. पण आपानं जियाची बातमी वाचून विचारलं, "माझा मुलगा काहीच जिंकला नाही तर?" तिला त्या दिवशी पदकाची बातमी नको होती. शाळा प्रवेश कसा देते, प्रमाणपत्र कुठं मिळतं, हे हवं होतं.

ते कुणी ठळक छापत नाही. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हती. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ती आहे. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना एक लाखापर्यंत आरोग्य विमा देते. नागपुरात केंद्र सरकारचं अपंगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. मानेवाडा, म्हाळगीनगर, हुडकेश्वरच्या किती घरांना हे माहीत आहे?

शब्दाबद्दलही बोलतो. 'स्वमग्न' म्हटलं की वाटतं, हा आपल्यातच गुंग, याला जगाचं काही नाही. माझ्या भाच्याला तिसऱ्या घरातल्या कुकरची शिट्टी सहन होत नाही, तो कान झाकतो. जग त्याच्यापर्यंत जरा जास्तच पोहोचतं. म्हणून लिहिताना 'ग्रस्त', 'पीडित', 'बिचारा' टाळा.

तुमच्यातले कित्येक रील बनवतात, कुणी पोर्टलवर लिहितं. पुढच्या 2 एप्रिलला निळा दिवा लावून फोटो टाकण्याऐवजी चार ओळी टाका: लक्षणं कोणती, जायचं कुठं, कायदा काय देतो, आणि आईचा दोष नाही. मराठीत टाका, उर्दूतही टाका. आमच्या अम्मीला ते कात्रण वाचता आलं नव्हतं, मीच वाचून दाखवलं होतं.

भाचा आज साडेआठ वर्षांचा आहे. शब्द मोजकेच बोलतो. हाक मारली की कधी वळतो, कधी नाही. ते कात्रण भाऊजींच्या पाकिटात अजून आहे, घडीवर फाटलेलं.