काम सुटलं, आता कॉलेज

सुरतेतला कारखाना बंद पडतो किंवा ठेकेदार नाव कमी करतो, आणि नवापूर-तळोद्याकडचा माणूस गावी परततो. वय पस्तीस-चाळीस, शिक्षण मधेच सुटलेलं. अशांसाठीच नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. प्रवेशाला वयाची वरची अट नाही. पुस्तकं घरी वाचायची, अभ्यासकेंद्रावरचे वर्ग सहसा सुटीच्या दिवशी. मजुरी बुडत नाही.

बारावी राहिली असेल, तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न बसताही परीक्षा देता येते. मुदत मात्र परीक्षेच्या कितीतरी आधी संपते.

खरा अडसर असतो शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. पत्र्याच्या पेटीत तळाशी, घडीवर फाटलेला. आधारवर नाव एक, दाखल्यावर दुसरं. माझ्या मते बरेच जण इथूनच मागे फिरतात, आणि त्याचं फार वाईट वाटतं. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेत दुबार प्रतीसाठी अर्ज करा. प्रवेश सुरू होण्याआधीच करा. जवळचं केंद्र कुठल्या कॉलेजात आहे, ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसतं. मोबाइलवर जमत नसेल, तर घरातल्या पोरांना शोधायला सांगा.