टाइप ४५ : ब्रिटिश विनाशिकेचे रडार, क्षेपणास्त्र आणि इंजिन

ब्रिटनच्या रॉयल नेव्हीकडे टाइप ४५ वर्गाच्या सहा विनाशिका आहेत. डेअरिंग, डॉन्टलेस, डायमंड, ड्रॅगन, डिफेंडर आणि डंकन ही त्यांची नावे. पहिल्या नौकेवरून या वर्गाला डेअरिंग वर्ग असेही म्हणतात. लांबी सुमारे १५२ मीटर, रुंदी २१ मीटर, विस्थापन आठ हजार टनांच्या आसपास आणि अधिकारी-खलाशी मिळून दोनशेच्या आत माणसे, असा एका नौकेचा पसारा आहे. तिचे मुख्य काम ताफ्यावर चालून येणारी विमाने, क्षेपणास्त्रे आणि आता ड्रोनही पाडणे हे आहे. युद्धनौकांच्या अभ्यासकांमध्ये या वर्गाची ख्याती दुहेरी आहे. तिच्या रडारची जेवढी वाहवा होते तेवढीच तिच्या इंजिनांची टवाळी होते आणि दोन्हींना आधार आहे.

या विनाशिकेचे मूळ १९८२ च्या फॉकलंड युद्धात सापडते. त्या वेळी ताफ्याचे हवाई संरक्षण टाइप ४२ वर्गाच्या विनाशिकांकडे होते. मोहिमेची ध्वजनौका होती विमानवाहू हर्मिस. हीच नौका पुढे भारताने घेतली आणि ‘विराट’ या नावाने ती २०१७ मध्ये मुंबईत सेवानिवृत्त झाली. ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या सुपर एतांदार विमानातून सुटलेले एक्झोसेट क्षेपणास्त्र टाइप ४२ वर्गातल्या शेफील्डच्या कुशीत घुसले. आग विझवण्यासाठी पाणी पुरवणारी मुख्य नळीच त्या आघातात फुटली. वीस जण दगावले आणि पुढे ओढून नेत असताना १० मे रोजी नौका बुडाली. २५ मे रोजी कॉव्हेंट्रीची पाळी आली. स्कायहॉक विमाने बेटाच्या बाजूने इतकी खालून आली की मागच्या जमिनीच्या प्रतिध्वनींतून विमान वेगळे काढणे तिच्या रडारला जमले नाही. सोबतच्या ब्रॉडस्वर्ड फ्रिगेटवरचे सी वुल्फ क्षेपणास्त्र सज्ज होते, पण वळता वळता कॉव्हेंट्री स्वतःच तिच्या नेमाच्या रेषेत आली. बाँब लागले, नौका कलंडली आणि १९ जण गेले.

टाइप ४२ च्या रचनेतच काही मर्यादा होत्या. तिच्यावरचे सी डार्ट क्षेपणास्त्र लक्ष्यावरून परतणाऱ्या रडारलहरींचा माग काढत जाई. त्यामुळे लक्ष्याचा वेध पुरा होईपर्यंत नौकेवरच्या एका रडारने त्या लक्ष्यावर लहरींचा झोत रोखून धरावा लागे. अशी झोत धरणारी रडारे दोनच होती, म्हणून एका वेळी दोनच लक्ष्यांचा समाचार घेता येई. तिसरे विमान आले की ते नशिबावर सोडावे लागे.

दुसरी अडचण भूमितीची होती. पृथ्वी वक्र असल्याने पाण्यालगत येणारे क्षेपणास्त्र क्षितिजाआड लपलेले असते. रडारची अँटेना २० मीटर उंचीवर असेल, तर पाच मीटरवरून येणारे क्षेपणास्त्र तिला सुमारे २८ किलोमीटरवर दिसू लागते. अँटेना ३५ मीटरवर नेली तर हेच अंतर ३४ किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे फायदा सहा किलोमीटरचा. ध्वनीहून किंचित कमी वेगाचे एक्झोसेट हे अंतर वीस सेकंदांत कापते. एवढ्या अवधीत एकदा नेम चुकला तरी दुसरे क्षेपणास्त्र सोडता येते. टाइप ४५ ची डोलकाठी एवढी उंच आणि जाड का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

टाइप ४२ ची जागा घेणारी नौका फ्रान्स आणि इटलीबरोबर मिळून बांधायचे आधी ठरले होते. त्या योजनेचे नाव होरायझन. तीन देशांच्या तीन तऱ्हा झाल्या. कामाची वाटणी आणि नौकेचे नेमके स्वरूप यांवर एकमत होईना, तेव्हा १९९९ मध्ये ब्रिटन नौकेपुरता बाहेर पडला, पण क्षेपणास्त्राच्या संयुक्त कार्यक्रमात मात्र राहिला. मग स्वतःची नौका आखली गेली. बारा बांधायच्या होत्या, त्यांच्या आठ झाल्या आणि शेवटी सहावर गाडी थांबली. डेअरिंगचे जलावतरण ग्लासगोच्या स्कॉट्सटन गोदीत १ फेब्रुवारी २००६ रोजी झाले आणि जुलै २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. शेवटची डंकन २०१३ मध्ये आली. विकासाचा खर्च धरला तर एकेक नौका शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. संख्या घटवल्याने एकूण बिल कमी झाले खरे, पण आराखड्याचा सगळा खर्च सहाच नौकांवर पडून प्रत्येकीची किंमत वाढली. संरक्षण खरेदीतला हा जुनाच रोग आहे.

डोलकाठीच्या टोकावरच्या गोल घुमटात सॅम्पसन रडार असते. अमेरिकी विनाशिकांवर चार दिशांना चार स्थिर पाट्या बसवतात. त्या जड असल्याने फार उंच नेता येत नाहीत. ब्रिटिश अभियंत्यांनी पाठीला पाठ लावलेल्या दोनच पाट्या घेतल्या आणि त्या मिनिटाला तीस फेऱ्यांनी फिरत्या ठेवल्या. एक फेरी दोन सेकंदांची आणि पाट्या दोन, त्यामुळे प्रत्येक दिशा दर सेकंदाला एकदा नजरेखालून जाते. वजन वाचल्याने उंची साधली. शिवाय प्रत्येक पाटीवर लहरी सोडणारे आणि झेलणारे असंख्य छोटे घटक आहेत. त्यांच्या लहरींची वेळ संगणकाने मागेपुढे केली की झोत क्षणात हव्या त्या बाजूला वळतो, त्यासाठी पाटी तिकडे तोंड करण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून एकच रडार नवे लक्ष्य शोधते, जुन्यांचा माग ठेवते आणि आपल्या क्षेपणास्त्रांना वाटेत सूचनाही देते. दूरवरच्या टेहळणीसाठी नौकेच्या मागच्या भागात एस१८५०एम हे दुसरे रडार काळ्या फळीसारखे फिरत असते. त्याचा पल्ला सुमारे ४०० किलोमीटर आहे.

रडार, संगणक आणि अ‍ॅस्टर क्षेपणास्त्रे या सगळ्या यंत्रणेला रॉयल नेव्हीत सी व्हायपर म्हणतात. पुढच्या डेकखाली ४८ उभ्या कोठ्या आहेत. अ‍ॅस्टरचे दोन प्रकार आहेत. पुढचा भाग दोन्हींचा सारखाच, फरक मागच्या प्रक्षेपक टप्प्याचा. अ‍ॅस्टर १५ चा पल्ला तीस किलोमीटरहून थोडा अधिक आणि अ‍ॅस्टर ३० चा शंभराच्या पुढे. क्षेपणास्त्र सरळ वर उडते, हवेतच वळते, मागचा टप्पा टाकून देते आणि नौकेच्या सूचनांवर लक्ष्याकडे झेपावते. अखेरच्या टप्प्यात त्याचे स्वतःचे छोटे रडार सुरू होते. सी डार्टपेक्षा निराळेपण आहे ते इथे. नौकेला एकाच लक्ष्यावर झोत रोखून बसावे लागत नाही, त्यामुळे अनेक क्षेपणास्त्रे एकाच वेळी हवेत ठेवता येतात. शेवटच्या क्षणी लक्ष्याने अंग चोरले तर केवळ शेपटीच्या पंखांनी वळायला उशीर होतो. म्हणून अ‍ॅस्टरच्या गुरुत्वमध्याजवळ बाजूला वायू फेकणारी छिद्रे ठेवली आहेत. त्या धक्क्याने सबंध क्षेपणास्त्र आडवे सरकते.

वरचा मजला असा सजला, पण खालच्या इंजिनघराने दगा दिला. टाइप ४५ चे पंखे विजेच्या मोटारींवर फिरतात. दोन गॅस टर्बाइन आणि दोन डिझेल जनित्रे वीज तयार करतात आणि तीच वीज पंख्यांच्या मोटारींना, रडारला, क्षेपणास्त्रांना, भटारखान्यालाही जाते. कल्पना चांगली होती. वेग नको असेल तेव्हा टर्बाइन बंद ठेवता येते, इंधन वाचते आणि इंजिनापासून पंख्यापर्यंत लांबलचक दांडे टाकावे लागत नाहीत. यासाठी निवडलेल्या टर्बाइनचे नाव डब्ल्यूआर-२१. रोल्स-रॉइस आणि नॉर्थ्रप ग्रमन यांचे हे यंत्र जगात दुसऱ्या कोणत्याही युद्धनौकेवर नाही. जनरल इलेक्ट्रिकचे एलएम२५०० हे वर्षानुवर्षे पारखलेले टर्बाइन तेव्हाही उपलब्ध होते. भारताच्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटवर आणि नव्या विक्रांतवर तेच आहे.

डब्ल्यूआर-२१ ची खुबी इंधनबचतीत होती. साधे गॅस टर्बाइन पूर्ण वेगाला ठीक, पण अर्ध्या वेगाला ते इंधन ढोसते. इथे हवा दोन टप्प्यांत दाबली जाते आणि मधल्या टप्प्यावर ती शीतकातून नेऊन थंड केली जाते. थंड हवा दाबायला कमी शक्ती लागते. मग बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंची उष्णता याच दाबलेल्या हवेला देऊन ती ज्वलनकक्षात सोडतात, म्हणजे वाया जाणारी उष्णता कामी येते. कागदावर हिशेब चोख होता. पण शीतकाची उष्णता अखेर समुद्राच्या पाण्यालाच द्यायची असते. आखाताचे पाणी तापलेले असते आणि हवाही. तिथे शीतक कमी पडू लागला, टर्बाइनची ताकद घटू लागली. ती हळूहळू घटली असती तर कप्तानाने वेग कमी केला असता. पण भार पेलवेनासा झाला की टर्बाइन एकदम बंद पडे. मग साराच भार दोन डिझेल जनित्रांवर येई. ती दोन-दोन मेगावॉटची, तर पंख्याची एकेक मोटार वीस मेगावॉटची. साहजिकच तीही माना टाकत आणि नौका अंधारात जाई. पंखे थांबत आणि ज्या रडारसाठी एवढा खटाटोप केला ते रडारही थांबे.

२०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीपुढे या प्रकरणाची जाहीर वाच्यता झाली. इंजिन पुरवणाऱ्यांचे म्हणणे असे की, आखातातली परिस्थिती मूळ मागणीपत्रात धरलेल्या परिस्थितीहून कडक होती. हा बचाव पटण्यासारखा नाही. ब्रिटिश युद्धनौका १९८० च्या दशकापासून आखातात गस्त घालत होत्या, त्यामुळे तिथले पाणी कोणाला अनोळखी नव्हते.

सगळा दोष वीजचलित रचनेच्या माथी मारणे मात्र चुकीचे ठरेल. ६५ हजार टनांच्या क्वीन एलिझाबेथ आणि प्रिन्स ऑफ वेल्स या विमानवाहू नौकाही विजेच्याच मोटारींवर चालतात. त्यांच्यावर एमटी३० हे साध्या घडणीचे गॅस टर्बाइन आणि चार भक्कम डिझेल जनित्रे आहेत. त्या नौकांनाही पंख्यांच्या दांड्यांच्या जोडांनी पुरेसा मनस्ताप दिला. २०२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स निघाल्या निघाल्या वाइट बेटाजवळ अडकली. पण तो दोष यांत्रिक होता, विजेचा नव्हता. टाइप ४५ चे दुखणे दोन निर्णयांच्या बेरजेतून आले. नवखे, नाजूक टर्बाइन घेतले आणि ते कोलमडले तर सावरायला तोकडी डिझेल जनित्रे ठेवली.

उपाय दुसऱ्या बाजूने करण्यात आला. टर्बाइन तसेच ठेवून दोन जुनी डिझेल जनित्रे काढायची आणि तीन मोठी बसवायची, असे ठरले. २०१८ मध्ये यासाठी १६ कोटी पौंडांचे कंत्राट देण्यात आले. सांगायला सोपे वाटते, पण जनित्रे नौकेच्या पोटात खोलवर असतात. त्यासाठी नौकेची बाजू कापून भोक पाडावे लागते, मधल्या नळ्या आणि तारा सोडवाव्या लागतात आणि नंतर सारे पूर्ववत जोडावे लागते. बर्कनहेडच्या कॅमल लेअर्ड गोदीत डॉन्टलेसवर हे काम आधी झाले. २०२२ मध्ये तिच्या समुद्रचाचण्या झाल्या आणि २०२३ मध्ये तिला कॅरिबियनमध्ये धाडण्यात आले. परीक्षेसाठी ऊबदार पाणी निवडले हे बरेच झाले. वर्गाची थोरली डेअरिंग मात्र २०१७ पासून कित्येक वर्षे कामाबाहेरच राहिली. सहा नौकांच्या वर्गात एखाद-दुसरी अशी अडकली, एखादी नेहमीच्या दुरुस्तीला गेली, की प्रत्यक्ष समुद्रावर दोन-तीनच उरतात.

शस्त्रांची खरी कसोटी तांबड्या समुद्रात लागली. येमेनच्या हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर डायमंडने डिसेंबर २०२३ मध्ये एक ड्रोन पाडले. १९९१ च्या आखाती युद्धात ग्लॉस्टर या टाइप ४२ विनाशिकेने सी डार्टने सिल्कवर्म क्षेपणास्त्र पाडले होते, त्यानंतर रॉयल नेव्हीने लढाईत हवाई लक्ष्य पाडण्याची ही पहिलीच वेळ. जानेवारीत एकाच रात्रीच्या मोठ्या हल्ल्यात डायमंडने क्षेपणास्त्रे आणि तोफा वापरून सात ड्रोन पाडले. एप्रिल २०२४ मध्ये तिने व्यापारी जहाजाच्या रोखाने आलेले बॅलिस्टिक क्षेपणास्त्र हवेतच टिपले. रडारची वाहवा पोकळ नव्हती, हे त्या काही महिन्यांत दिसले.

त्याचबरोबर खर्चाचा विषम हिशेबही उघडा पडला. काही हजार डॉलरांच्या ड्रोनमागे दहा लाख पौंडांहून महाग क्षेपणास्त्र खर्ची पडते. ४८ कोठ्या रिकाम्या झाल्या की भर समुद्रात त्या भरता येत नाहीत, बंदर गाठावे लागते. म्हणून आता या नौकांवर सी सेप्टर या छोट्या क्षेपणास्त्राच्या २४ कोठ्या वाढवायच्या आहेत, म्हणजे जुन्या ४८ कोठ्यांत फक्त लांब पल्ल्याची अ‍ॅस्टर ३० ठेवता येतील. त्यासाठी जागा आयतीच आहे. ‘पुढे लागले तर बसवू’ म्हणून मूळ आराखड्यात राखलेली ती जागा आजवर खलाशांची व्यायामशाळा म्हणून वापरली गेली. ड्रॅगनफायर या लेझर शस्त्राची हवाई लक्ष्यांवर चाचणी झाली आहे. त्याच्या एका माऱ्याचा खर्च दहा पौंडांच्या आसपास सांगितला जातो. टाइप ४५ वर ते बसवायचे ठरले आहे, पण लेझरलाही वीज लागते आणि तेही भरपूर तापते, म्हणून इंजिनघराची दुरुस्ती आधी होणे गरजेचे होते.

पुढच्या नौकांची आखणी अधिक सावध आहे. पाणबुडीविरोधी टाइप २६ वर एमटी३० टर्बाइन गिअरच्या मार्फत थेट पंखे फिरवते. विजेच्या मोटारी फक्त संथ, नीरव चालीसाठी आहेत, कारण पाणबुडीचा कानोसा घेणाऱ्या नौकेने स्वतः गोंगाट करून चालत नाही. ग्लासगो ही त्या वर्गातली पहिली नौका. रोसायथला बांधल्या जाणाऱ्या स्वस्त टाइप ३१ फ्रिगेटवर तर निव्वळ डिझेल इंजिने आहेत. तिचा आराखडा डेन्मार्कच्या इव्हर हुइटफेल्ट वर्गावरून घेतला आहे.

वीजचलित नौकांचा विषय आता भारतापर्यंत आला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्ट्समथ येथे भारत आणि ब्रिटन यांनी भारतीय नौदलासाठी विजेवर चालणारी प्रणोदन यंत्रणा मिळून विकसित करण्याच्या इरादापत्रावर सह्या केल्या. सैन्य आणि वाहने किनाऱ्यावर उतरवणाऱ्या भावी मोठ्या नौकांवर ही यंत्रणा बसवण्याचा विचार आहे. अरबी समुद्राचे आणि बंगालच्या उपसागराचे पाणी वर्षभर ऊबदार असते, त्यामुळे या नौकांच्या शीतकांची आणि जनित्रांची मापे उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यावरून काढता येणार नाहीत.