चित्राखालचं नाव

(हिंदमाता परिसरातल्या महिलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी शास्त्रीय चित्रकार आहे. फुलं, पानं, किडे, साप, माणसाच्या शरीरातले अवयव यांची चित्रं काढते. असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे ड्रॉइंग टीचर का?" म्हणून आधी कामाबद्दल सांगते.

इथल्या दुकानांतल्या साड्यांवर हजारो फुलं आहेत. साडीवरच्या फुलाला पाकळ्या किती, हे डिझाइन करणाऱ्यानं ठरवायचं. शोभलं की झालं. माझं तसं चालत नाही. जास्वंद काढायची तर पाकळ्या पाच, पुंकेसर जोडून झालेली नळी आणि त्या नळीतून बाहेर आलेल्या स्त्रीकेसराची टोकंही पाचच. त्यासाठी फूल ब्लेडनं उभं कापायचं, भिंगाखाली ठेवायचं, डिव्हायडरनं मोजायचं. कच्चं चित्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं आणि मग शाईनं पक्कं करायचं. सावली एकेका ठिपक्यानं भरायची. शेजारी मापाची रेघ द्यायची, म्हणजे मूळ वस्तू केवढी ते कळतं. एका चित्राला आठवडासुद्धा लागतो.

"आता मोबाइलवर फोटो निघतो, मग चित्र कशाला?" असंही विचारतात. त्याचं उत्तर सापाच्या उदाहरणानं देते. परळची हाफकिन संस्था इथून जवळच आहे. १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आलेली ही संस्था पुढे सर्पदंशावरच्या औषधासाठीही ओळखली गेली. मण्यार अतिशय विषारी आणि कवड्या बिनविषारी, पण दोघांच्याही गडद अंगावर पांढरे पट्टे. मण्यारीचे पट्टे डोक्याकडे बहुधा पुसट होतात, कवड्याचे मानेपासूनच ठळक दिसतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक रांग असते, ती कवड्याला नसते. फोटोत ती रांग चकाकीत हरवते, किंवा साप वेटोळं करून बसलेला असतो. चित्रात तेवढीच रांग स्वच्छ दाखवता येते. काय दाखवायचं आणि काय वगळायचं याचा निर्णय चित्रकार घेते, आणि त्याला ज्ञान लागतं.

तरीही हे काम 'हाताचं' समजलं जातं. लिहिणारा तो विद्वान, काढणारी ती मदतनीस. हे आजचं नाही. पुण्याजवळच्या दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथे १८४७ ते १८५० या काळात अलेक्झांडर गिब्सन यांनी वनस्पतींची सुंदर चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. गिब्सन यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं, त्याचं नाव नाही.

बाईच्या बाबतीत तर नाव असूनही नसल्यासारखं होतं. १८३१ साली इंग्लंडमध्ये जॉन गूल्ड यांचं हिमालयातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक निघू लागलं. त्यातली चित्रं त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी दगडावर उतरवली. जग मात्र त्यांना 'गूल्डची चित्रं' म्हणत राहिलं आणि गूल्ड म्हणजे नवरा असंच धरून चाललं. एलिझाबेथबाई १८४१ साली आठव्या बाळंतपणानंतर, सदतिसाव्या वर्षी गेल्या. हिमालयातल्या एका शिंजिराला त्यांचं नाव आहे.

आता आपल्याकडे या. मी एका शिक्षणसंस्थेत नोकरीला असताना तिथल्या एका प्राध्यापकांच्या पुस्तकासाठी चाळीसच्या वर चित्रं काढली. प्रस्तावनेत प्रकाशकाचे आभार होते, टायपिस्टचे होते, पत्नीनं दाखवलेल्या सहनशीलतेचेही होते. चित्रांबद्दल फक्त 'आकृत्या : विभागातर्फे'. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "पगार मिळतो ना?" नोकरी सोडून घरून काम करू लागले, तेव्हा दुसरं वाक्य ऐकायला मिळालं. "घरी बसूनच करता ना, मग एवढे पैसे कशाचे?" पापड लाटणारीला, फॉल-पिको करणारीला हेच ऐकवतात. घरात केलेलं काम म्हणजे काम नव्हे, हा समज आपल्याला नवा नाही.

म्हणून कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पण कलम ५७ सांगतं की कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यावरही 'हे काम माझं आहे' असं म्हणण्याचा हक्क ते करणाऱ्याकडेच राहतो. याच कलमाच्या आधारे शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारविरुद्ध लढले. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प काढून टाकून त्याची मोडतोड झाली होती. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे पगार आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार दिला म्हणून नाव विकत मिळत नाही.

पण एकटी बाई कोर्टात कुठवर जाणार? १९६८ साली अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेतल्या चित्रकारांच्या पुढाकारानं शास्त्रीय चित्रकारांची गिल्ड उभी राहिली. एकमेकांना तंत्र शिकवायचं आणि करारात काय लिहून घ्यायचं तेही सांगायचं, अशी तिची रीत. संघटना म्हणजे काय हे गिरणगावातल्या बायकांना मी सांगायला नको.

आपल्यातल्या कोणी चित्र काढत असतील, डिझाइन करत असतील, कोणाच्या मुली कलाशाळेत शिकत असतील. त्यांना चार गोष्टी सांगा. काम सुरू करण्याआधी कागदावर लिहून घ्या. चित्राचे किती पैसे आणि ते किती वेळा छापणार, हे त्यात असू द्या. मूळ चित्र परत मागा. आणि चित्राच्या कोपऱ्यात, बारीक का होईना, स्वतःचं नाव घाला. ते कोणी कापलं तर गप्प बसू नका, इथे घेऊन या. पत्र आपण सगळ्या मिळून लिहू.