पडीक जमिनीवरचा वारा

साताऱ्याहून ठोसेघरच्या वाटेने वर चढले की चाळकेवाडीचे पठार लागते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो, असल्या पठाराला आमच्याकडे सडा म्हणतात. खाली जांभा, वर जेमतेम वीतभर माती. पावसाळ्याच्या अखेरीस काही आठवडे फुले, आणि पुढे वाळलेले गवत व उघडा कातळ. या सड्यावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. प्रथमच येणाऱ्यास वाटते, येथे ना शेत, ना झाड; चक्कीला याहून निर्दोष जागा कोठे मिळणार?

महसुली कागदही त्याच्याच बाजूचा असतो. अशा जमिनीपुढे 'पोटखराब' किंवा 'पडीक' अशी नोंद असते. हे शब्द मी नोकरीत शेकडो वेळा वाचले आणि लिहिले. त्यांचा अर्थ 'पीक न देणारी' एवढाच आहे, 'रिकामी' असा नव्हे, हे माझ्या ध्यानी फार उशिरा आले. आणि आणून दिले ते एका सरड्याने.

याच पठारावरच्या सरड्याला शास्त्रज्ञांनी 2016 साली 'सरडा सुपर्बा' असे नाव दिले. आपला साधा मराठी शब्द असा लॅटिनच्या पंगतीला जाऊन बसला! नराच्या गळ्याशी निळा, काळा व नारिंगी पंखा असतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पठारावरील अभ्यास 2018 साली प्रसिद्ध केला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांखाली मात्र सरडे अधिक होते, माणूस जवळ येईपर्यंत पळत नव्हते, आणि त्यांच्या गळ्याचा रंग फिका पडला होता. शिकारी पक्ष्यांचा धाक उरला नव्हता. चक्कीखाली मेलेला पक्षी सापडला तर निदान त्याची मोजदाद होते. जो पक्षी येणेच सोडून देतो, त्याची नोंद कोण करणार?

वारा आम्ही नीट मोजतो. त्यासाठी उंच खांब रोवून वर्षभर आकडे घेतले जातात. त्याच वर्षात, त्याच खांबाशी एखादा जाणता माणूस बसवून पक्ष्यांच्या वाटा आणि रात्रीची वटवाघळे मोजून घेतली तर खर्च कितीसा वाढेल? परंतु पर्यावरण-परवानगी सक्तीची करणाऱ्या 2006 च्या अधिसूचनेत पवनचक्की धरलेलीच नाही. त्यामुळे हा प्रश्न विचारणे कोणालाच भाग पडत नाही.

माणसांच्या बाबतीत नियम आहे. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरापासून 500 मीटरांच्या आत चक्की नको. कारण उघड आहे. रात्री गावात वारा पडतो, वर मात्र तो वाहतच असतो. भोवती सारे शांत असताना पात्यांचा घुमारा अंथरुणापर्यंत येतो. सूर्य कलल्यावर पात्यांची सावली खिडकीवरून सारखी फिरते, ती निराळीच. पण घर कशाला म्हणावे? दिवाळीनंतर माळावर पडणारे धनगराचे पाल नकाशात कोठेच नसते.

चक्की एका जागी तरी उभी असते. तिच्या तारा मैलोगणती जातात. जैसलमेरच्या माळावर हेच घडले. माळढोक हा जड पक्षी. त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि तार दिसेपर्यंत वळायला अवधी नसतो. उरलेत सारे दीडशेच्या आसपास. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, आणि 2024 साली तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. वीज हवी हेही खरे, आणि तीही कोळशाविना हवी. म्हणून तर चक्क्या कोठे नकोत हे आधीच ठरायला हवे होते. तारा ओढून झाल्यावर त्या पुरणे हा फार महाग उद्योग आहे.

अलीकडे असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला की मी समासात दोन प्रश्न लिहितो: या माळावर हिवाळ्यात कोणाची मेंढरे बसतात, आणि वर कोणते पक्षी फिरतात? पहिल्याचे उत्तर तलाठी महिन्याभरात आणून देतो. दुसऱ्यापुढची जागा बहुधा कोरीच परत येते. मग मी फाइल पुन्हा खाली पाठवितो.