कळसूबाईची अट

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'कळसूबाई सर करून आलेली आपली मैत्रीण' अशी माझी ओळख आत्ता करून दिली गेली. ती आधी दुरुस्त करते. गेल्या डिसेंबरात आपल्या वर्गातल्या आम्ही आठ जणी गेलो होतो. माथ्यावर सहा पोचल्या. मी त्या सहांत नाही. तरी बोलायला उभी राहिले, कारण मला सांगायचंय ते माथ्याच्या थोडं खालीच घडलं.

'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?' हा एका गुणाचा प्रश्न आपण सगळ्यांनी पाठ केलाय. भूगोलाच्या बाईंनी आकडाही घोटून घेतला होता, 1646 मीटर. त्याखालोखाल साल्हेर, 1567. आपलं सोलापूर साडेचारशे मीटरवर आणि सगळं सपाट. आपला किल्लासुद्धा भुईकोट! चढ म्हणजे काय हे आपल्याला पुलावर सायकल हाणताना कळायचं, तेवढंच.

कळसूबाई अकोले तालुक्यात आहे. पायथ्याचं गाव बारी. सोलापुरातून निघालो की तिथे पोचेपर्यंत दिवस जातो. आम्ही गावातच एका घरी मुक्काम केला, आणि सूर्योदय वरून पाहायचा म्हणून पहाटे तीनला निघालो. सोबत गावातले दोन वाटाडे.

अंधारात चढण्याचा एक फायदा आहे. किती उरलंय ते दिसत नाही. बॅटरीच्या उजेडात पुढच्या दोन पायऱ्या आणि पुढच्या बाईच्या टाचा, एवढंच जग. शेतं संपतात, झाडी लागते, मग दगडी पायऱ्या, आणि जिथे कडा उभाच आहे तिथे लोखंडी शिड्या. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी गार होते, हे पुस्तकात वाचलं होतं. शिडीच्या गार लोखंडाला हात लावल्यावर ते समजलं. वारा असा, की ओढणी सांभाळू की कठडा, असं होतं.

या डोंगराची एक गोष्ट आहे. कळसू नावाची कोळ्याची मुलगी पायथ्याच्या इंदोर गावात एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. घरच्यांनी मान्य केलं. पुढे एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला तेच काम सांगितलं. तिनं ते केलं, आणि तडक डोंगरावर निघून गेली. परत आली नाही. जिथे तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि केर काढला तो काळदरा. लहानपणी ऐकली असती तर वाटलं असतं, एवढ्याशा भांड्यांवरून कशाला रुसायचं? आता वाटतं, राग भांड्यांचा नव्हताच. आधी ठरलेलं मोडलं, त्याचा होता.

आम्हीही निघण्याआधी ठरवलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या आठ जणी म्हणजे गुडघे, बी.पी., थायरॉईड, सगळं बरोबर. पी.टी.चे सर जोड्या लावायचे, तशा जोड्या लावल्या. दोनच नियम. एक, जिला त्रास होईल ती तिथून वर जाणार नाही, मग नंतर कितीही बरं वाटो. दोन, तिची जोडीदार तिच्याबरोबर थांबेल. आमच्या कामात रात्री नवीन सॉफ्टवेअर चढवतात, तेव्हा काय बिघडलं की मागे फिरायचं हे दिवसाच लिहून ठेवतात. रात्री तीनला, दमलेल्या डोक्यानं ठरवायचं नसतं. तसंच हे. आठही जणींनी मान्य केलं.

माझी जोडीदार मधुमेहाची. इन्सुलिन घेते. डॉक्टरांना विचारून, साखर तपासायचं मशीन घेऊन आली होती. हे सगळं तिच्या परवानगीनं सांगते आहे. ती समोरच बसली आहे, चुकलं तर उठून सांगेल.

दुसऱ्या शिडीच्या वर ती थांबली. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, आणि हात थरथरत होते. मशीन लावलं, आकडा 62. साखर उतरली होती. ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासलं, 88. मग बिस्किटं. अर्ध्या तासात तिचा चेहरा नेहमीसारखा झाला आणि ती उठून म्हणाली, "चल. झालं आता. इथवर येऊन परत जायचं का?"

मैत्रिणींनो, तो क्षण अवघड होता. ती खरंच बरी दिसत होती. बाकीच्यांच्या बॅटऱ्या वर सरकताना दिसत होत्या. मलाही माथा हवा होता. पण श्रमानं उतरलेली साखर पुन्हा उतरू शकते, आणि पुढे आणखी शिड्या होत्या. मी म्हटलं, "आपलं ठरलंय." ती काही बोलली नाही. वीसेक मिनिटं बोललीच नाही.

लगेच अंधारात उतरणं नको म्हणून आम्ही कातळाच्या आडोशाला बसलो, एक वाटाड्या शेजारी. तिनं सोलापुरी चादर आणली होती. त्यावरून आम्ही तिची चेष्टा केली होती, आता तीच चादर दोघींच्या अंगावर. पूर्वेला आधी राखाडी, मग तांबूस झालं. खाली बारीची कौलं आणि शेताचे बांध एकेक करून उमटले. सातच्या सुमारास सूर्य वर आला. तिनं डबा काढला, कडक भाकरी मोडून शेंगाचटणी घातली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

मग म्हणाली, "घरी सगळे मला थांबवतात. हे खाऊ नको, तिकडे जाऊ नको, एकटी नको. काळजीच असते, पण विचारत कुणी नाही. तू थांबवलंस तेव्हा त्याच सगळ्यांचा राग आला. मग आठवलं, ही अट मला विचारून ठरली होती. मीच हो म्हटलं होतं."

हेच मला सांगायचं होतं. आपण सगळे आता अशा वयात आहोत, की घरात कुणाला तरी रोज थांबवतो. आईवडिलांची गाडी चालवणं, मुलांचं रात्री बाहेर जाणं, नवऱ्याचं गोड. थांबवावं लागतंच. पण ऐन शिडीवर हात धरून थांबवणं वेगळं, आणि पायथ्याशी एकत्र बसून, 'कुठे थांबायचं ते तूच सांग' असं विचारणं वेगळं. दुसऱ्यात माणूस थांबतो, पण लहान होत नाही.

सहा जणी वरून आल्या. छोटं मंदिर, भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड, अलंग-मदन-कुलंग, सगळे फोटो मागे फलकावर लावले आहेत, जरूर पाहा.

पुढच्या थंडीत पुन्हा जायचं आहे. नावं मागच्या टेबलावर द्या. पहिल्या शिडीपर्यंतच यायचं असेल, तर तसंच लिहा. ते नावही यादीतच धरलं जाईल. आणि पी.टी.च्या सरांना विनंती, जोड्या या वेळी तुम्हीच लावा.