एक अभंग, दोन गायनें



गाणें तेंच, शब्द तेच, आणि गाणारा मात्र दुसरा. एवढ्यानें गाण्याचा भाव पालटावा, हें प्रथमदर्शनीं पटत नाहीं. परंतु आपल्या ओळखीचेंच एक उदाहरण घेऊं.

नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कर्जत तालुक्यांत, मिरजगांव आहे. त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरच्या वाटेवर या गांवीं येते. दिंडींत टाळकऱ्यांच्या दोन ओळी आणि मध्यें मृदंग व वीणा अशी रचना असते. एकानें चरण म्हणावा, इतरांनीं तो उचलावा, आणि चालत्या पावलांनींच लय धरावी. विठ्ठल हेंच आपलें सर्वस्व, अशा अर्थाचा नामदेवांचा प्रसिद्ध अभंग दिंडींत ऐकला म्हणजे तो भरल्या घरच्या माणसाचा उद्गार वाटतो. वाट देवाकडेच जात आहे, बरोबर शेंकडों माणसें आहेत. मग शंका कसली? त्या गजरांत कोणाचाही स्वर वेगळा ऐकूं येत नाहीं. ‘मी’ असा उरतच नाहीं.

हाच अभंग पुणें आकाशवाणीचे राम फाटक यांनीं अहिरभैरव रागांत बांधला आणि पंडित भीमसेन जोशी यांनीं तो गाइला. अहिरभैरव हा प्रातःकाळचा राग. त्यांतील कोमल ऋषभावर स्वर रेंगाळला कीं मनांत हुरहूर दाटते. येथें गाणारा एकटा आहे. तो देवाचें नांव पुन्हां पुन्हां घेतो, दर वेळीं निराळ्या स्वरांनीं, जणूं एकदां घेऊन तें पुरतच नाहीं. ऐकणाराही आपल्या जागीं एकटाच बसलेला असतो. ‘तूंच माझें सर्व कांहीं’ या म्हणण्याचा दुसरा अर्थ त्याला तेथें कळतो: तुझ्यावांचून मजपाशीं कांहींच नाहीं. दिंडींत जें ऐश्वर्य होतें, तेंच येथें दैन्य बनतें.

मग खरा भाव कोणता? अभंग मैफलींत नेणें म्हणजे भक्तीचा खेळ मांडणें, असें कोणी म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. भीमसेनांनीं शब्दांत बाहेरचें कांहीं घातलें नाहीं. गजरांत जें झांकलेलें होतें, तें एकांतांत उघडें केलें.

भय आहे तें निराळेंच. २०११ सालीं भीमसेन गेले, तरी तें ध्वनिमुद्रण आजही घरोघरीं वाजतें. शहरांतील आपण बहुतेक जण हा अभंग प्रथम तेथेंच ऐकतों. आणि पुढें कधीं दिंडी दारावरून गेली, तर तिचें गाणें आपणांस ओबडधोबड वाटतें. नव्या गायनाच्या मापानें आपण जुनें मोजूं लागतों, आणि अर्धा अभंग गमावून बसतों.

यासाठीं पुढील वारीच्या वेळीं, शक्य झाल्यास, मिरजगांवच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहा, चार पावलें दिंडीबरोबर चाला, आणि मग घरीं येऊन तें ध्वनिमुद्रण लावा. दोन्ही ऐकल्यावांचून नामदेवांचा तो अभंग पुरता ऐकला, असें होत नाहीं.